वाकड्या मण्यांना मागणी

माझी धाकटी बहीण चांदीच्या मण्यांच्या माळा करून विकते. कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या घरात, पुढच्या खोलीतल्या टेबलावर ती मणी ओवते, फोटो काढते आणि माळा पुण्याला, बेंगळुरूला पाठवते. गिऱ्हाईक बहुतेक चांगल्या पगाराच्या नोकरदार बायका. त्यांना सोने घालायला संकोच वाटतो आणि खोटे दागिने घालायला कमीपणा. हाताने घडवलेली चांदी ही त्यांनी काढलेली पळवाट आहे.

प्रत्येक माळेबरोबर जाड, खरखरीत कागदाचे एक कार्ड जाते. त्यावरचा मजकूर माझा. वर्तमानपत्राच्या डेस्कवर वर्षानुवर्षे दुसऱ्यांच्या बातम्या नीट करून निवृत्त झालेल्या माणसाला घरात असलीच कामे मिळतात. ‘यातला कोणताही मणी दुसऱ्यासारखा नाही, कारण तो यंत्राने नव्हे, हाताने घडवला आहे,’ असे मी लिहिले होते. तोवर मी एकही मणी घडताना पाहिला नव्हता. एखाद्या वार्ताहराने अशी ओळ पाठवली असती तर तू तिथे गेला होतास का, असे मी त्याला फोन करून विचारले असते.

गेल्या वर्षी पुण्याच्या एका दुकानाने बहिणीकडे तिच्या आजवरच्या सगळ्यात मोठ्या मालाची मागणी केली. अट एकच होती: मणी नीतीने वागणाऱ्या पुरवठादाराकडून घेतल्याचे हमीपत्र हवे. सोबत प्रश्नावली होती. कारागिरांना योग्य मजुरी मिळते का, कामाची जागा हवेशीर आहे का, कारागिराच्या कौशल्याचा सन्मान होतो का. या शेवटच्या प्रश्नापुढेही हो आणि नाही असे दोनच चौकोन होते.

“दादा, तू चल की माझ्याबरोबर हुपरीला,” बहीण म्हणाली. “तुला माणसं बघून कळतं.”

“काय कळतं?”

“कोण थापा मारतंय ते.”

पत्रकारांबद्दल घरच्या माणसांचा असा समज असतो आणि तो दूर करण्याचे कष्ट पत्रकार घेत नाहीत. मी गेलो.

हुपरी हे चांदीकामाचे गाव. पैंजण, घुंगरू, साखळ्या, मणी, असे काही ना काही तिथे घरोघरी चालू असते. बहिणीला तीन वर्षे मणी पुरवणारा कारखानदार पन्नाशीचा, पांढऱ्या शर्टातला, रस्त्यापलीकडच्या माणसाशी बोलावे अशा आवाजात समोरच्याशी बोलणारा गृहस्थ होता.

“या पावणं. ताई, बसा. पेपरात होता म्हणं तुम्ही? मग जरा जपूनच बोलाय पायजे.”

बहिणीने प्रश्नावली पुढे केली. त्याने ती न वाचता बाजूला ठेवली आणि कपाटातून प्लॅस्टिकच्या पाकिटातले कागद काढले. तशाच प्रश्नांची उत्तरे त्यावर आधीच भरलेली होती.

“मागं एक कंपनी आल्ती, तवा केल्ती ही फाईल. प्रश्न त्येच असत्यात. झेरॉक्स काढून घ्या.”

मी फाईल वाचली. सगळीकडे ‘हो’वर खूण होती. कारखान्यात बालकामगार आहेत का, या प्रश्नापुढेही ‘हो’ होते. मी ते त्याला दाखवले.

“आरं तिच्या,” तो म्हणाला. “ह्ये उलटं विचारलंय व्हय. आमची पोरं घरात पाण्याचा तांब्या उचलत न्हाईत, ती काय काम करत्यात.” त्याने खिशातले पेन काढून खूण बदलली. ही फाईल एका कंपनीने वाचून मंजूर केलेली होती.

मग त्याने काम दाखवले. वरच्या मजल्यावर एका स्वच्छ खोलीत सहा बायका निळे ॲप्रन घालून ओळीने बसल्या होत्या. प्रत्येकीपुढे स्टीलच्या ताटलीत मणी. वर दोन पंखे. बहिणीने फोन काढून फोटो घ्यायला सुरुवात केली. मी बघत राहिलो. बायका मणी एका ताटलीतून उचलून दुसऱ्या ताटलीत ठेवत होत्या. हातांना काळे लागलेले नव्हते. एकीच्या तळव्यावर ताजी मेंदी होती. तीच उठून कारखानदाराला म्हणाली, “मामंजी, चहा टाकू का?”

कारखानदाराने डोळे मिटले आणि उघडले. “सूनबाई हाय,” तो म्हणाला. “तिलाबी आवड हाय कामाची.”

चांदीचा पोकळ मणी म्हणजे दोन छोट्या वाट्या तोंडाला तोंड लावून जोडलेल्या असतात, एवढे मी येण्याआधी वाचले होते. जोडायला जाळ लागतो. त्या खोलीत जाळ नव्हता, धूर नव्हता, आगीची काडीसुद्धा नव्हती. मणी जोडता कुठे, असे मी विचारले.

तो चिडेल असे वाटले होते. उलट तो हसला. “आता पेपरवाल्याला आणलंय म्हटल्यावर दावाय पायजे की. चला. लपवायचं काय हाय त्यात? ह्ये वरचं लोकांना बघायला आवडतं म्हणून केलंय.”

मागच्या बोळात एका दोन खोल्यांच्या घराच्या मागल्या दाराशी साठीची एक बाई पाटावर बसली होती. पुढे विटांवर निखाऱ्याचे मडके, हातात पितळी फुंकणी. चांदीच्या वाट्यांची एक जोडी तिने चिमट्यात धरली, कडेला सवागीचे, म्हणजे टाकणखाराचे, पाणी लावले, डाकाचा कण ठेवला आणि फुंकले. डाक म्हणजे जोड देण्याचा मिश्र धातू. तो वितळला तशी मण्याभोवती एक चकचकीत रेघ पळाली आणि दिसेनाशी झाली. पिवळसर धूर आला. बाईने तोंड बाजूला केले, पदर नाकाला लावला आणि धूर विरल्यावर पुढची जोडी घेतली.

“मावशी, ही आपली कोल्हापूरची ताई,” कारखानदार म्हणाला. “माळा करती.”

“बसा,” बाई म्हणाली. “धुराकडं नगा बसू. तिकडं बसा.”

या धुराने काही त्रास होतो का, असे मी विचारले.

“व्हतंय की. खोकला व्हतो. पण जाळ सोडून डाक कसा लागंल?”

तिच्याजवळच्या डब्यात तयार मणी होते. मी वीसेक मणी ताटात ओळीने लावले आणि पट्टी टेकवली. डोळ्याला फरक दिसला नाही. ताट जरा कलते केल्यावर सगळे सरळ रेषेत घरंगळत गेले. हे हाताचे आहेत का, असे मी विचारले, कारण माझा विश्वास बसला नाही.

“मग काय पायाचं?” बाई म्हणाली.

“ह्येच तर दुखणं हाय,” कारखानदार म्हणाला. “मावशीचा माल परत येतोय. बेंगळुरूच्या एका बाईनं चिठ्ठी लावून परत धाडला. म्हणं मशीनचा हाय, आमची फसवणूक केली. लोकांना हाताचं पायजे, आन् हाताचं म्हंजी वाकडं पायजे. आता मावशीला वाकडं येत न्हाय. मग मी मशीनवरनं मणी आणतो आन् त्याला ठोकं मारून घेतो. त्यो माल खपतोय. तुमच्या ताईबी त्योच नेत्यात की तीन वरसं.”

बहिणीचा हात गळ्याशी गेला. तिच्या गळ्यात तिचीच माळ होती. कार्डावरची ओळ मला तोंडपाठ होती.

“तुम्ही आम्हाला सांगितलं का नाही?” बहिणीने विचारले.

“तुम्ही इचारलं कुठं? तुम्ही पयल्या दिवशी दोन्ही माल बघितला. मावशीचा बाजूला सारला आन् म्हणला, ह्यात जीव न्हाय.”

ते खरे होते. बहिणीला आठवले, हे तिच्या खाली गेलेल्या मानेवरून कळले.

बाई फुंकत होती. आपला माल समोरच्या या गिऱ्हाइकानेच नाकारला होता हे तिने आता प्रथमच ऐकले, पण फुंकणी थांबली नाही. कारखानदाराने पुढचेही सांगून टाकले. दिवाळीनंतर तो तिला मण्यांचे काम देणार नव्हता. यंत्राच्या मण्यांना ठोके मारायचे असतील तर ते काम होते. नाहीतर घुंगरू जोडायचे.

“ठोकं मारायचं काम मी करणार न्हाय,” बाई म्हणाली. “सासूनं मला सात वरसं मणी सरळ करायला शिकवलं. चेमटला की हातावर मारायची.”

“मग घुंगरं.”

“बघू,” ती म्हणाली. मग बहिणीकडे वळली. “ताई, तुमच्या पुण्याच्या दुकानाला सरळ मणी चालत न्हाईत का? इचारून तर बघा.”

परतताना बहिणीने गाडीतच ठरवले. नमुना म्हणून बाईकडून चाळीस मणी करून घ्यायचे, त्यांचे फोटो आणि खरी हकिगत पुण्याला पाठवायची. पुण्याने होकार दिला तर बाईचे काम वाचणार होते. रस्ताभर ती उत्साहात होती. तीन वर्षे आपण यंत्राचे मणी हाताचे म्हणून विकले, याची लाज तिला हुपरीच्या वेशीपर्यंत पुरली. पुढे तिच्या बोलण्यात ती बाई आली, सासूचा मार आला, एक छोटी फिल्म करावी हे आले. फिल्मचे निवेदन मी लिहायचे होते.

बाईने चार दिवसांत मणी केले. चांदी कारखानदाराची, त्याने ती नमुन्यापुरती दिली. बहिणीने जाऊन फोटो काढले. पत्र मी लिहिले. हे मणी एकसारखे आहेत कारण करणारीचा हात तयार आहे, असे त्यात होते. काम घरात, निखाऱ्यावर होते, धुराचा त्रास होतो, जाळी आणि पंखा बसवायचा खर्च आपण मिळून करू शकतो, असेही होते. इतके सरळ पत्र मी नोकरीत कधी छापून आणू शकलो नव्हतो.

दोन दिवसांनी दुकानाच्या मालकीणबाईंचा फोन आला. बहिणीने तो स्पीकरवर ठेवला.

“फोटो पाहिले गं. सुंदर आहेत. पण खूपच परफेक्ट आहेत ना? आमच्या क्लायंटला हाताचा स्पर्श जाणवायला हवा.”

“हे हाताचेच आहेत. नेहमीचे होते ते मशीनचे होते. पत्रात सगळं लिहिलंय.”

“हो, वाचलं मी. मला पटतंय. पण समजावत कोणाकोणाला बसणार? माळ बघून कळायला हवं. तू नेहमीचेच दे. आणि त्या पत्रात धुराचं वगैरे आहे, ते रेकॉर्डवर नको. ती फाईल आहे ना तुमच्या सप्लायरची, तीच पाठव. ती छान आहे.”

बहिणीने दोन दिवस घेतले. या दोन दिवसांत तिने माझ्याशी तत्त्वाच्या बऱ्याच गोष्टी केल्या. तिसऱ्या दिवशी तिने कारखानदाराला फोन करून नेहमीच्या मालाची मागणी नोंदवली आणि हमीपत्राचा मसुदा माझ्यापुढे ठेवला. मी त्यातल्या तीन चुका दुरुस्त केल्या. तिन्ही शुद्धलेखनाच्या होत्या.

दिवाळी झाल्यावर आठवड्याभराने आम्ही माल आणायला गेलो. बाईला सांगायचे कोणी, हा प्रश्न होता. बहीण म्हणाली, दादा तू सांग. ती वेळ आली नाही. कारखानदाराने तिला आधीच सांगितले होते. तो आमच्याबरोबर बोळात आला, कारण नमुन्याच्या चाळीस मण्यांची चांदी त्याला परत हवी होती.

बाईने डबा पुढे ठेवला. “हे असंच ठेवून काय करता?” तो म्हणाला. “आटवून टाका मावशी. घुंगरांना लागंलच चांदी.”

“मी घेते ते,” बहीण घाईने म्हणाली. “आठवण म्हणून.”

कारखानदाराने दर सांगितला. चांदीचा वेगळा, घडाईचा वेगळा. घडाई बाईची होती, आणि ठोक्याच्या मालापेक्षा बरीच जास्त. बहिणीने डब्याकडे पाहिले. मग फोनमध्ये काहीतरी पाहिले.

“दोन द्या,” ती म्हणाली. “कानातल्यांपुरते.”

“दोन घ्या की,” बाई म्हणाली. तिने डब्यात न बघता दोन उचलून दिले. निवडण्यासारखे काही नव्हते, सगळे सारखेच होते.

बाकीचे अडतीस तिने मुशीत ओतले. मूस निखाऱ्यात बसवली आणि फुंकणी तोंडाला लावली. मणी थोडा वेळ तसेच दिसत राहिले, मग वरचे बसले. बहीण दाराबाहेर जाऊन उभी राहिली, तिला धूर सोसेना. कारखानदार घुंगरांच्या मजुरीबद्दल बोलत होता. बाईने मध्येच फुंकणी काढली.

“डझनावर देणार का वजनावर?” तिने विचारले.

“वजनावर.”

“घुंगरं हलकी असत्यात. डझनावर द्या,” ती म्हणाली आणि पुन्हा फुंकू लागली.