उणे एकची रांग

मेइरोंगताई आणि मी एकाच गुरूंचे चेले. ती वयाने मोठी, म्हणून ताई. एन्शीच्या डोंगरातल्या शाळेत गणित शिकवता शिकवता चाळिशीत तिला डॉक्टरेटचं वेड लागलं आणि नवरा, मुलगी मागे ठेवून ती वूहानला आली. सकाळी तिळाच्या चटणीतल्या नूडल्स चालता चालता खायची आणि तोंड पुसायच्या आत अडलेलं कोडं सांगायला लागायची. मला तिचा हेवा वाटायचा.

कोडं असं. एका रेघेचे चार भाग करा, पहिला आणि तिसरा ठेवा, बाकीचे टाका. उरलेल्यांचंही तेच करत राहा. शेवटी उरते नुसती धूळ. या धुळीवर लहरी अशा सोडायच्या की एकीची दुसरीत लुडबुड नको, पण सगळ्या मिळून धुळीवर हवी ती आकृती उभी करता यावी. शून्य, एक, चार, पाच, सोळा, सतरा अशा क्रमांकांच्या लहरींना हे जमतं. सगळ्या क्रमांकांना पाचाने गुणलं तरी जमतं! तिनाने गुणलं तर? शून्य, तीन, बारा, पंधरा... त्यांनाही जमतं, हाच ताईचा प्रबंध. शाळेने रजा दिली होती वसंतापर्यंत. तोवर प्रबंध झाला नाही तर नोकरी तरी सोडा, नाहीतर हात हलवत परत जा.

आमच्याकडे दर गुरुवारी एकाने फळ्यापाशी उभं राहायचं, आणि अडला तर सुटेपर्यंत खाली बसायचं नाही. याला आम्ही फळ्यावर लटकणं म्हणतो.

त्या गुरुवारी ताई दाखवत होती की तिनाच्या लहरींचा मेळा पुरा आहे, त्यात आणखी कुणाला शिरता येत नाही. नियम सोपा. दोन क्रमांकांची वजाबाकी करा, चाराने भाग जाईल तितका घालवा. विषम आकडा उरला तर दोघांचं जमलं.

"एक घ्या. एक आणि तीन, फरक दोन. बाहेर! चार घ्या. चार आणि बारा, फरक आठ, चाराने भागून दोन. बाहेर!"

आमचे गुरू, पेंग सर, थर्मासातला चहा पीत मान डोलावत होते. थंडीने खडू हातात धरवत नव्हता. मी गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून पेंगत होतो. आणि ताई एकदम थांबली. आम्ही सगळेच शून्यापासून उजवीकडे मोजणारे. डावीकडे कोण बघतो? तिने कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं, उणे एक. शून्याशी फरक एक. तिनाशी चार, म्हणजे एकच. बाराशी तेरा. पंधराशी सोळा, पुन्हा एक.

मी पहिल्याच बाकावर. मला ते स्वच्छ दिसलं.

"ताई, पूस ना," मी पुटपुटलो. "कुणी बघितलं नाही."

"मी बघितलं ना, मेल्या."

पेंग सरांनी चष्मा वर केला. "मेइरोंग, हा कोपऱ्यातला पाहुणा कोण?"

"बाहेरचाच आहे सर, पण सगळ्यांशी जमतंय त्याचं."

"मग तुझा मेळा अपुरा."

"अपुराच."

"प्रबंध गेला."

"गेला," ती म्हणाली. मला वाटलं, आता रडेल. ती फळ्याकडे वळली. "पण सर, हा एकटाच आलाय का?"

आणि कुणी न सांगता ती लटकून राहिली. उणे चार. उणे तेरा. उणे सोळा. एकेक जण येऊन बसत होता. पलीकडची अख्खी रांग आरशातल्यासारखी उभी राहिली. दोन्ही रांगा मिळून मेळा भरत असेल का? सरांचा चहा निवून गेला.

"नवा प्रबंध आहे हा," ते शेवटी म्हणाले. "पण वर्ष जाईल. शाळाही जाईल कदाचित."

जिन्यात तिने घरी फोन लावला. श्याओमानचा, तिच्या मुलीचा, आवाज मलाही ऐकू येत होता.

"चुकलीस? मग घरी येतेस ना, आई?"

"नाही गं. चूक भारी निघाली. एक पाहुणा सापडलाय, त्याच्यामागे अख्खी रांग आहे. ती बघायची राहिलीय."

"बरं. रांग संपली की लगेच ये."

"येते," ताई म्हणाली. त्या रांगेला शेवट नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मला तिच्याकडे बघवेना.