वडिलांची सही

अंबरनाथला आमच्या खिडकीसमोर प्रेस्बिटेरियन चर्च होतं. तिथे घंटा वाजवणाऱ्याचं नाव मी कधी विचारलं नाही. ऐंशीच्या दशकात त्या मंडळीत दोन तट पडले. कारभार पाहणाऱ्या पंचांना तिथे 'वडील' म्हणतात. बाईलाही वडील करा, असं नवे म्हणत. शास्त्रात बसत नाही, असं जुने. मग रविवारी दोन वेगळ्या उपासना होऊ लागल्या. हा दोन्हींची घंटा वाजवायचा आणि मधे तीच बाकं पुन्हा पुसायचा.

एकदा तो फडकं भिजवायला पाणी मागायला आला, तेव्हा मी विचारलं, "तुम्ही कुणाच्या बाजूचे?"

"मी रांगत होतो तेव्हाच बाप गेला," तो म्हणाला. "प्रगतिपुस्तकावर 'वडिलांची सही' लिहिलेलं असायचं, तिथे आई अंगठा उठवायची. मास्तरांनी कधी हरकत घेतली नाही."

फडकं पिळून तो जुन्यांची घंटा वाजवायला गेला.