कुत्र्याचं लिहिलंय

माझ्या दारात बाईच्या चपला असतात आणि घरात बाई नाही.

चपला सुमनच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या. ती जाऊन दीड वर्ष झालं. चपला ठेवायची अक्कल मात्र माझीच, जुनी. मी बत्तीस वर्षं बस चालवली, इंदूर, सांवेर, उज्जैन. शेवटची गाडी नेली की मुक्काम तिकडेच. मूलबाळ नाही, सुमन घरात एकटी. ती म्हणायची, भीती वाटते, एखादा कुत्रा पाळू या. मी म्हणायचो, दिवसभर हॉर्न ऐकतो, घरी येऊन भुंकणं ऐकू? आणि माझे फाटके बूट दारात ठेवून द्यायचो. बघणाऱ्याला वाटेल, मर्द माणूस घरात आहे. वर सांगायचो, कुत्र्यापेक्षा बूट बरे, पोळी मागत नाहीत. (तेव्हा मला हा मोठा विनोद वाटायचा.)

आता तिच्या चपला ठेवतो. रोज पुसतो आणि जागा जराशी बदलतो, एकाच जागी राहिल्या तर लोकांना कळेल ना. सामान विकणारे येतात, चपला बघून म्हणतात, माताजी को बुलाइए. मी सांगतो, पूजेत आहे. दीड वर्ष पूजेत आहे!

वरच्या दोन खोल्या आम्ही किरायाने देतो. किरायेदार, डिपॉझिट, एग्रीमेंट, सगळं सुमन बघायची. मी चौथी पास, तीही मास्तरला दया आली म्हणून. कागजावर ती बोट ठेवेल तिथे मी सही करायचो. फक्त एक गोष्ट दर वेळी विचारायचो.

"कुत्र्याचं लिहिलंस का?"

"लिहिलंय."

बस. विषय खतम.

ती गेल्यावर जुना किरायेदार बदली होऊन गेला आणि प्राची आली. तुकोगंजात एका डॉक्टरकडे कामाला, पोरगी नीट वाटली. मी जुना कागज कचेरीबाहेरच्या टाइपिस्टकडे नेला आणि म्हटलं, नाव बदल, तारीख बदल, बाकी हात लावू नको. प्राचीने तो दोनदा वाचला, हसली आणि म्हणाली, काका, मी एग्रीमेंटच्या बाहेर जाणार नाही. मला इतकं बरं वाटलं की चहा पाजला.

बुधवारी मी खजराण्याला गणपतीला गेलो. तेवढ्या वेळात तिने सामान चढवलं. परत येऊन बघतो तर दारात उजवी चप्पल आहे, डावी नाही.

मी जिन्याखाली बघितलं, गटारात बघितलं, शेजारच्या स्कूटरच्या डिक्कीतही बघितलं. मग उजवी हातात घेतली आणि गल्लीत निघालो. प्रत्येकाला दाखवायची आणि विचारायचं, अशीच दुसरी बघितली का? म्हातारा माणूस, हातात बाईची चप्पल, डोळे लाल. समोरून येणाऱ्या दोघी रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या. शेजारचे पवार फाटकाशी उभे होते, त्यांनी आवाज खाली करून विचारलं, "भिया, कोणी मारली?"

शेवटी हातगाडीवरच्या भाजीवालीने चप्पल नीट उलटीसुलटी करून बघितली.

"दादा, वो ऊपर वाली मैडम का कुत्ता ले गया."

कुत्ता! माझ्या घरात!

वर गेलो. प्राचीने दार उघडलं आणि तिच्या पायांमागून एक तपकिरी तोंड बाहेर आलं. नाव म्हणे भुट्टा. रंगही भाजलेल्या भुट्ट्यासारखाच. पोरगी घाबरली, खोकी उपसली, गादी उलटली, गॅलरी बघितली. चप्पल नाही. म्हणाली, काका, मी नवी जोडी आणून देते. तिथे माझं डोकं फिरलं. म्हटलं, खोली रिकामी कर, डिपॉझिट मिळणार नाही, कुत्र्याचं एग्रीमेंटात लिहिलंय.

"हो काका, लिहिलंय," ती म्हणाली. "म्हणून तर मी हे घर घेतलं."

तिने कागज काढला, नवव्या अटीवर बोट ठेवलं. सुमन ठेवायची तसंच. मग हळू वाचलं.

"किरायेदार कुत्ता रख सकेगा. कुत्ता कुछ चबाए तो डिपॉझिट में से नहीं कटेगा. मकान मालिक कुरकुर नहीं करेगा."

अख्खा कागज कचेरीतल्या हिंदीत आणि मधेच हे कुरकुर. टाइपिस्ट असं लिहीत नाही. असं माझ्या घरात एकच माणूस बोलायचं.

मी पायरीवर बसलो. आठवून बघितलं, त्या कागजावर वरच्या खोल्यांत कोण कोण राहून गेलं. एक बँकवाला, एक परीक्षा देणारा, दोन जोडपी. एकानेही कुत्रा आणला नाही. दर वेळी नवा किरायेदार यायचा तेव्हा सुमन गॅलरीत उभी राहून टेम्पोतलं सामान उतरेपर्यंत बघायची. मी ओरडायचो, काय बघतेस, त्यांचा फ्रिज मोजतेस का?

संध्याकाळी भुट्टा स्वतःच खाली आला. चप्पल पाण्याच्या टाकीमागे लपवली होती, तीच तोंडात. पट्टा चावलेला, अंगठ्याचा खड्डा मात्र जसाच्या तसा. ती उजवीच्या शेजारी टाकली आणि वर डोकं ठेवून झोपला. मी काठी शोधायला उठलो होतो. पोळी घेऊन आलो.

गेल्या महिन्यात एग्रीमेंटचे अकरा महिने संपले. पुन्हा टाइपिस्टकडे गेलो. म्हटलं, या वेळी नावही बदलू नको, फक्त तारीख. त्याने विचारलं, दादा, वाचून दाखवू? म्हटलं, नऊ नंबरची तेवढी वाच. त्याने वाचली. म्हटलं, पुन्हा वाच.

वाचायचे त्याने वेगळे पैसे घेतले. ती तीस वर्षं फुकट सांगत होती, तेव्हा मी बूट ठेवून निघून जायचो.