साळिंदर दार वाजवत नाही

लेकीसाठी मी चित्रांचं पुस्तक काढत होते. म्हणजे लेकीसाठी, असं सगळ्यांना सांगत होते. गोष्ट एका साळिंदराची. ते परक्या जंगलात येतं, कुणीतरी जीव लावावा म्हणून बिळाबिळापाशी जाऊन उभं राहतं, आणि मेलं कुणी 'ये' म्हणत नाही. बारा पानं रंगवून झाली तरी कुणी म्हणेना. शेवटच सुचत नव्हता.

सुचणार कसा? पुण्याहून इकडे उत्तरेत, मयूर विहारला येऊन दोन वर्षं झाली होती आणि अख्ख्या सोसायटीत मला हक्काने चहाला बोलावेल असं एक माणूस नव्हतं. नवरा सकाळीच मेट्रो पकडून ऑफिसात, मी घरात रंगांशी. आईला फोनवर ठसक्यात सांगायचे, इथली माणसं शिष्ट आहेत. फोन ठेवला की रडू यायचं.

एका रविवारी लेकीला पानं वाचून दाखवली. सहा वर्षांची, निम्मं हिंदीत बोलणारी. सातव्या पानावर तिने मला थांबवलं.

"आई, हा ठकठक का नाही करत?"

"न बोलावता कुणाच्या दारात जाऊ नये." आमच्याकडचं बाळकडूच ते.

"मग त्यांना कसं कळणार, ह्याला आत यायचंय?"

"लोकांना समजायला नको?" माझा आवाज चढला.

"तू पण सेम करतेस, यार. समोरची आंटी लिफ्टमध्ये हसते, तू मोबाइल बघतेस."

कार्टी! असा संताप झाला म्हणून सांगू! सख्ख्या आईला यार म्हणते, वर अक्कल शिकवते. पण खोटं काय बोलली होती?

संध्याकाळी डब्यात बेसनाचे लाडू भरले, लेकीला पुढे घातलं आणि समोरची बेल वाजवली. दार उघडायच्या आत पळून जावं असं वाटत होतं, पण पोरीने ओढणी घट्ट धरून ठेवलेली.

दार उघडलं. साठीच्या बाई, हातात सोललेल्या मटारचं ताट. त्यांनी आम्हाला आत ओढलं, सोफ्यावर बसवलं आणि नवऱ्याला चहा टाकायला पिटाळलं. मग लाडू तोंडात टाकत म्हणाल्या, "दो साल हो गए, बेटा! हम तो समझे, आपको किसी की ज़रूरत ही नहीं."

ज़रूरत नाही! मी हसायला गेले आणि ढसाढसा रडायलाच लागले. बाईंनी ताट बाजूला ठेवलं आणि काही न विचारता मला जवळ घेतलं.