आधारभाऊंचा ट्रक आणि धुळ्याचं डबडं

आधारभाऊंना एका जागी बसलेलं मी दोनदाच पाहिलंय. एकदा त्यांच्या लग्नाच्या फोटोत आणि एकदा न्हाव्याच्या खुर्चीत. तिथूनही निम्मी दाढी झाल्यावर ते गाडी बघायला उठून गेले होते. अमळनेरात त्यांची आणि आमची भिंत एकच. त्यामुळे त्यांच्या घरातली फोडणीसुद्धा मला कळते, आणि माझ्यामार्फत गल्लीला.

गेल्या महिन्यात त्यांचा पेट्रोलवर चालणारा जुना छोटा ट्रक बंद पडला. कमावता पोरगा ललित म्हणाला, "आबा, रविवारी पारोळ्याहून भंगारवाला भूपेंद्रशेठ येतोय. त्याच्यासमोर गाडी चालू झाली तर ठेवा, नाहीतर भंगारात देऊन टाकू."

भाऊंची झोप उडाली. बिघाड डिस्ट्रिब्युटरमध्ये होता, म्हणजे इंजिनाच्या चार प्लगांना पाळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या डबड्यात. नवं परवडणारं नव्हतं, आणि त्या गाडीचं नवं आता मिळतही नाही. शुक्रवारी भाऊ एसटीने धुळ्याला गेले, भंगार बाजार पालथा घातला आणि कुठल्याशा उलटलेल्या गाडीचं डबडं घेऊन आले. घेताना टोपणावरून नख फिरवून तडा नाही ना ते पाहिलं, दांडा हलवून पाहिला, हे मला चार वेळा सांगून झालं. शनिवारी वायरी काढण्याआधी प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला. अदलाबदल व्हायला नको.

तेवढ्यात भाऊंच्या बायको केसरबाई पाट घेऊन आल्या. "उलटेल गाडीनं शे ते. असंच कसं लावतस?" त्यांनी डबडं पाटावर ठेवलं, पाणी शिंपडलं, टोपणाला ओल्या कुंकवाची बोटं ओढली. भाऊंनीही हात जोडले आणि ते तसंच बसवलं.

चावी फिरवली. फट्! नुसती शिंक.

"भाऊ, सर्दी झाली गाडीला. काढा पाजा," मी भिंतीवरून म्हणालो.

"अभिमन, तू तोंड बंद ठेव!"

दिवसभर प्लग निघाले, घासले, परत बसले. पेट्रोल तपासलं, बॅटरी चार्ज करून आणली, दोरे पुन्हा पुन्हा जुळवले. चहा तीनदा गार झाला. ट्रकभोवती त्यांनी एवढ्या फेऱ्या घातल्या की वटपौर्णिमेला वडालाही एवढ्या मिळत नसतील.

रविवारी उजाडायच्या आधीच पुन्हा घरघर सुरू झाली. मी डोळे चोळत गेलो आणि उघड्या बॉनेटपाशी उभा राहिलो. भाऊंनी चावी फिरवली, आणि अंधारात टोपणावर निळ्या ठिणग्या सरपटताना दिसल्या.

"भाऊ, थांबा! ठिणगी प्लगापर्यंत जातच नाही. कुंकवाच्या ओघळावरून बाहेरच पळते!"

भाऊंनी टोपण काढलं. फडकं उचललं, खाली ठेवलं. दारात केसरबाई उभ्या. लग्नाला छत्तीस वर्षं झालेल्या माणसाने बायकोसमोर कुंकू पुसायचं तरी कसं?

"आना इकडे," केसरबाई पुढे झाल्या. "मीच लायेल शे, मीच काढस. कुंकू टपाले लावू." पेट्रोलच्या फडक्याने त्यांनी टोपण लख्ख पुसलं, कोरडं केलं, आणि बोटभर कुंकू गाडीच्या टपावर लावलं.

तिसऱ्या प्रयत्नाला इंजिन धडधडलं. ते बंद करायची भाऊंची हिंमतच होईना. नऊ वाजता ललित भूपेंद्रशेठला घेऊन आला, तरी हे केबिनमध्येच, गाडी चालू.

शेठने कान लावला. "आवाज बरा आहे. आता बंद करून परत चालू करून दाखवा, आधारभाऊ."

भाऊंनी चावी मागे फिरवली. गल्ली गप्प झाली. मीसुद्धा गप्प झालो, यावरून काय ते समजा.

चावी पुढे फिरली. एक शिंक आली. केसरबाईंनी पदर तोंडाशी नेला. आणि इंजिन चालू झालं.

भूपेंद्रशेठ चहा पिऊन निघून गेला. विक्रीसाठी आणलेली गाडीच्या कागदांची पिशवी ललितने आबांपुढे धरली. भाऊंनी ती खिडकीतून घेतली. खाली उतरले नाहीत.