मौद्याला न गेलेला निरोप

गिरिधररावांवर आयुष्यात कोणी फारसं काही सोपवलं नव्हतं, आणि त्यांचीही त्याबद्दल तक्रार नव्हती. नागपुरात कापसाच्या जिनिंगची यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात ते सुपरवायझर होते. नकाशा पाहायचा, यंत्र नीट बसलं की नाही ते तपासायचं, सही करायची आणि सायंकाळी सायकल काढून घरी यायचं. चारचौघांत बोलायची वेळ आली तर ते मागची खुर्ची धरत. असा माणूस कधी आफ्रिकेला जाईल असं त्यांच्या पत्नीला, अरुंधतीबाईंनाही वाटलं नसतं. पण १९७३ साली टांझानियातल्या एका सरोवराकाठच्या गावाहून यंत्रांची मागणी आली. ती बसवून द्यायला माणसं पाठवायची ठरली तेव्हा गिरिधररावांना नाही म्हणता आलं नाही, एवढंच.

सोबत फिटर म्हणून रुपराव होता. नागपूरजवळच्या मौद्याचा. भावासोबत घरची थोडी शेतीही करायचा. अंगानं आडवा, बोलायला मोकळा, आणि हातात पाना आला की गाणं म्हणत काम करणारा.

निघण्याआधी दोघांना रामदासपेठेतल्या एका डॉक्टरांकडे पाठवलं होतं. डॉक्टरांनी बजावून सांगितलं, पाणी उकळून प्या, कापून ठेवलेली फळं खाऊ नका, रात्री मच्छरदाणीतच झोपा. मग हिवतापाच्या गोळ्यांच्या दोन बाटल्या टेबलावर ठेवल्या.

"दर रविवारी, जेवण झाल्यावर. आणि परत आल्यावरही महिनाभर. ते विसरायचं नाही."

"कडू हायेत का जी?" रुपरावनं विचारलं.

"कडूच आहेत."

"मंग गुळासंगं चालते का?"

डॉक्टर हसले. "गुळासंगं घे, नाहीतर जिलबीसंगं. पण घे." आणि दोन्ही बाटल्या त्यांनी गिरिधररावांकडे सरकवल्या. "तुम्ही मोठे. दोघांच्याही तुमच्याजवळ ठेवा."

मुंबईच्या गाडीवर रुपरावची बायको सुभद्रा पोचवायला आली होती. गाडी हलायच्या आधी ती खिडकीशी येऊन म्हणाली, "साहेब, ह्यायले स्वतःचं काई समजत नाई. घरी बी म्या ताट मांडल्याबिगर जेवत नाई हा माणूस. तुमच्या हवाली केले हो."

"अवं, मी का बैल हावो, हवाली कराले?" रुपराव आतून ओरडला. फलाटावरचे लोक हसले. गिरिधरराव मात्र हसले नाहीत. हवाली केले, हा शब्द त्यांना बरा वाटला होता. कोणीतरी त्यांच्यावर भिस्त ठेवली होती.

तिकडे पोचल्यावर दोघांची पहिली निराशा झाली ती उन्हाची. "हे का ऊन हाये का साहेब?" रुपराव म्हणाला. "हे तं आपल्या इथलं फागणातलं ऊन." पण हवा दमट होती. खोलीत इडलीच्या भांड्यात बसल्यासारखं व्हायचं, आणि मच्छरदाणीत तर श्वासही पुरत नसे. आठवड्याभरात गिरिधररावांनीच खाट ओढत ओसरीवर नेली.

"डाक्टर मच्छरदानी म्हने जी," रुपराव दारातच उभा राहिला.

"अरे, आत गुदमरून मरायचं का? आपण उन्हाळाभर अंगणात बाजा टाकणारी माणसं. आण तुझी पण."

नागपूरच्या माणसाला उन्हाळ्यात छताखाली झोप येत नाही, आणि आपल्याकडे त्या दिवसांत डासही उरत नाहीत. तीच सवय ते सोबत घेऊन गेले होते. तिथल्या जिनिंगच्या मालकानं एकदा पाहिलं आणि दोघांना चांगलं झापलं, तेव्हा खाटा आत गेल्या. रविवारची गोळी मात्र गिरिधररावांनी एकदाही चुकवू दिली नाही. रुपराव तोंड वाकडं करायचा, पोटात ढवळतं म्हणायचा, तरी हे समोर उभे राहून गोळी गिळायला लावत. यंत्रं बसली, चालली, दोघांना साधी सर्दीसुद्धा झाली नाही. परतीच्या वाटेवर गिरिधररावांना स्वतःचंच कौतुक वाटत होतं.

नागपूर स्टेशनवर उतरले तेव्हा ऐन मे महिना होता. फलाट तव्यासारखा तापलेला. रुपराव ट्रंक खांद्यावर घेऊन म्हणाला, "साहेब, आता बी ते कडू औषध खा लागते का? घरी पुतनीचं लगन हाये. पोटात ढवळलं तं मी जेवू कसा?"

गिरिधरराव खुशीत होते. इतक्या दिवसांनी घरचं ऊन अंगाला लागलं होतं. ते म्हणाले, "अरे, नागपूरच्या मे महिन्यात डास तरी जगतो का? झालं आता. जा, लग्नात पोटभर जेव."

"हाव न जी!" म्हणून रुपराव मौद्याच्या बसकडे गेला. त्याची बाटली गिरिधररावांच्या बॅगेतच राहिली.

ती अरुंधतीबाईंना सापडली. त्यांनी दोन्ही बाटल्या हातात धरून विचारलं, "अहो, डॉक्टरांनी परत आल्यावरही घ्यायला सांगितल्या होत्या ना? मग या बॅगेतच कशा पडल्या?"

"आता काय गरज आहे? डास तिकडे राहिले."

"त्यांनी चावून अंगात सोडलेलं विष तुमच्यासोबत आलं असेल. ते काही नाही, आज रविवार आहे. घ्या." त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला. त्यांच्यापुढे वाद घालायची गिरिधररावांची रीत नव्हती. गोळी घेतली. "आणि ही दुसरी कोणाची?"

"रुपरावाची."

"मग त्याला पोचवा की. तुमच्या हापिसातला लहानू मौद्याहूनच येतो ना रोज?"

"देतो उद्या."

दुसऱ्या दिवशी बाटली डब्याच्या पिशवीतून कारखान्यात गेली. लहानू चपरासी समोरून फायली घेऊन तीनदा गेला. 'ही रुपरावला दे, आणि सांग, साहेबांनी घ्यायला सांगितली आहे,' एवढंच बोलायचं होतं. पण मनात आलं, आपणच स्टेशनवर मोठ्या तोऱ्यात नको म्हणून सांगितलं. आता बायकोनं कान धरल्यावर उलटा निरोप पाठवायचा? रुपराव मोकळा माणूस, लग्नाच्या मांडवात चारजणांत सांगेल, साहेबाचं साहेबालेच समजत नाई म्हणून. सुट्टी संपवून येईलच तो, तेव्हा हळूच देऊ. बाटली पिशवीतून टेबलाच्या खणात गेली.

पुढच्या रविवारी अरुंधतीबाईंनी पुन्हा पाण्याचा पेला आणला. "रुपरावाची दिली?"

"हो," गिरिधरराव म्हणाले आणि आपली गोळी गिळली.

मग एका सकाळी लहानूच सांगत आला. "रुपरावले ऊन लागलं जी. लग्नात उन्हातान्हाचा हिंडला असन. कांद्याचा रस चोळून राहिले, कैरीचं पन्हं पाजून राहिले, पन ताप काई हटत नाई."

गिरिधररावांनी हातातलं पेन खाली ठेवलं. खण उघडून त्यांनी बाटली खिशात घातली आणि मिळेल त्या बसनं मौदा गाठलं. बाटलीचा आता काही उपयोग नाही, हे त्यांना वाटेत कळत होतं. तरी खिशावरचा हात काढवत नव्हता.

घरात रुपराव खाटेवर पडला होता. बाहेर जमीन भाजत होती आणि त्याच्या अंगावर दोन गोधड्या होत्या. त्याखाली तो थडथड उडत होता. डोळे पिवळट, ओठ फुटलेले. त्यानं ओळखलं नाही. सुभद्रा उशाशी बसली होती. गावातले डॉक्टर ऊन लागल्याचं औषध देऊन गेले होते. मे महिन्यात ताप आला की विदर्भात दुसरं कोणाच्या मनात येतच नाही, त्यात त्यांची काय चूक?

"हे ऊन नाही," गिरिधरराव म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला असेल. "हा तिकडचा हिवताप आहे. नागपूरला न्यायचं, आत्ताच."

त्यांनी पोस्टातून कारखान्याला फोन लावला, जीप मागवली, आणि दिवस मावळायच्या आत रुपराव नागपुरात दवाखान्यात पोचला. रक्त तपासलं. ताप मेंदूपर्यंत गेला होता. डॉक्टर बाहेर आले आणि सुभद्रासमोर त्यांनी गिरिधररावांना विचारलं, "परत आल्यावर यांनी गोळ्या घेतल्या नाहीत का?"

शर्टाच्या खिशात उरलेल्या गोळ्यांची बाटली होती. गिरिधरराव म्हणाले, "नाही. राहून गेल्या, वाटतं."

"कमाल आहे. आणि तुम्ही?"

"मी घेतल्या."

सुभद्रानं कपाळावर हात मारला. "पाहा! साहेबानं बरोबर घेतल्या. आमचा मानूस मुलखाचा आळशी!"

रुपराव वाचला. आठवडाभर कधी शुद्धीत, कधी बेशुद्ध असायचा, मग डोळे उघडून त्यानं पहिलं काय विचारलं, तर पुतणीची वरात नीट गेली का. त्या दिवशी सुभद्रानं दवाखान्याच्या भर व्हरांड्यात वाकून गिरिधररावांच्या पायावर डोकं ठेवलं. "तुमी आले म्हनून. नाई तं आमी कांदाच चोळत बसलो असतो." गिरिधरराव मागे सरले ते भिंतीला लागेपर्यंत. लोकांना तो त्यांचा विनय वाटला.

रुपरावला सगळं ठाऊक होतं. स्टेशनवर कोण काय म्हणालं ते तो विसरला नव्हता. पण तो बायकोजवळ कधी बोलला नाही. तिनं आळशी म्हटलं, बेपर्वा म्हटलं, येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर गोळीची गोष्ट सांगून त्याची फजिती केली, तरी तो नुसता हसायचा. कामावर परतल्यावर त्यानं गिरिधररावांना नेहमीसारखाच रामराम केला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं गिरिधररावांना वाटे. त्याच्या विभागात जायचं ते टाळू लागले. संक्रांतीला मौद्याहून तिळगुळाचा डबा आला. अरुंधतीबाईंनी वडी पुढे केली तर म्हणाले, "दात दुखतो." अरुंधतीबाईंनी वडी परत डब्यात ठेवली आणि विचारलं, "ती बाटली तुम्ही खरंच दिली होती का हो?" ते उठून अंगणात गेले. बाईंनी पुन्हा विचारलं नाही.

पुढच्याच महिन्यात टांझानियाहून दुसरी मागणी आली. पुन्हा तेच दोघे जावेत असं कारखान्याच्या मोठ्या साहेबांचं मत होतं. रुपरावला जायचं होतं. पण तो डोकं खाजवत येऊन म्हणाला, "घरून परवानगी नाई जी. म्हनते, गिरिधर साहेब संगं असन तरच जा. दुसऱ्या कोनावर भरोसा नाई."

ते ऐकल्यावर मात्र गिरिधररावांना जेवण जाईना. आजवर गप्प राहिलो, त्यात झालेलं झाकलं गेलं. आता गप्प राहिलो तर ही बाई आपला माणूस पुन्हा आपल्याच हवाली करणार. रविवारी ते मौद्याला गेले.

सुभद्रा अंगणात हरभऱ्याची झाडं झोडपत होती. त्यांना पाहून तिनं पदर सावरला, बाज टाकली, चहाचं आधण ठेवायला वळली.

"चहा नको, सुभद्राबाई. आधी ऐकून घ्या."

रुपरावनं त्यांचा चेहरा पाहिला आणि तो मध्येच म्हणाला, "साहेब, जाऊ द्या न. वावरात चाला, हरभरा दाखवतो."

"नाही रे." गिरिधररावांनी सांगितलं. स्टेशनवर काय म्हणाले ते सांगितलं. बाटली आपल्याजवळ होती, ती खणात ठेवली, आपण मात्र दर रविवारी गोळी घेत होतो, तेही सांगितलं. सांगताना ते खाली विखुरलेल्या हरभऱ्याच्या घाट्यांकडे पाहत होते.

"मी का लहान लेकरू होतो?" रुपराव म्हणाला. "डाक्टरानं मले बी सांगतलं होतं."

"तुमी थांबा जी!" सुभद्रानं त्याला गप्प केलं. हातातली काठी तिनं भिंतीला टेकवली. "साहेब, तुमाले तवा लाज वाटली निरोप धाडाले, ते मी समजली. मानसाले वाटते. पन दवाखान्यात मी तुमच्या पाया पडली, तवा काहून नाई बोलले?"

गिरिधररावांनी वर पाहिलं. "भ्यालो."

"मी वर्सभर ह्यायले आळशी म्हनून राहिली. सोयऱ्याधायऱ्यात म्हटलं. अन् हा मानूस," ती रुपरावकडे वळली, "हा बी दात काढत होता!" ती आत गेली. आतून भांडी जोरात ठेवल्याचे आवाज आले. दोघं पुरुष शाळेत उभं केल्यासारखे अंगणात थांबले.

"दोन-चार महिने थांबून सांगतलं असतं," रुपराव हळूच म्हणाला, "तं मी जाऊन आलो असतो न साहेब."

गिरिधररावांना हे सुचलंच नव्हतं. खरं बोलून आपण याचं आणखी एक नुकसान केलं, हे ध्यानात येताच ते बाजेवर बसले.

सुभद्रा दारात आली. डोळे पुसलेले होते. "जातीन ते," ती म्हणाली. "त्यायचं मन हाये तं जातीन. पन तुमच्या संगं नाई."

"बरं," गिरिधरराव म्हणाले. चहाचं कोणी पुन्हा काढलं नाही. ते निघाले. रुपराव फाटकापर्यंत आला, पुढे आला नाही.

दुसऱ्या दिवशी ते मोठ्या साहेबांच्या खोलीत गेले आणि आपल्याऐवजी वसंतला, आपल्या विभागातल्या इंजिनियरला, पाठवा म्हणाले.

"का हो? प्रकृती बरी आहे ना?"

प्रकृतीचं कारण आयतं पुढे आलं होतं. हो म्हटलं की काम भागत होतं.

"प्रकृती ठीक आहे," गिरिधरराव म्हणाले. "रुपरावच्या घरच्यांचा माझ्यावर भरवसा नाही."

साहेब खुर्चीत मागे रेलून मोठ्यानं हसले. "तुमच्यावर? अहो, तुम्ही त्याचा जीव वाचवलात!"

गिरिधररावांनी दार लोटून घेतलं आणि समोरची खुर्ची ओढली.

"हसू नका, साहेब," ते म्हणाले. "बसून सांगतो."