अँटीबॉडीवाला मेहुणा

माझा मेहुणा भंगारात आलेल्या गाड्या फोडतो. टपावर घण घालताना त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद असतो, तो त्याच्या लग्नातही दिसला नव्हता.

त्याला एकदा करोना होऊन गेला होता, वर लशीचे दोन डोस. मालकाने कामगारांच्या अँटीबॉडी तपासून घेतल्या, तर ह्याचा आकडा सगळ्यांत मोठा. झालं! गडी कुस्ती मारल्यासारखा हिंडू लागला. गॅसकटरवाला म्हणाला, "अंगात एवढी फौज, आणि डोक्यात एकही शिपाई नाही?" ह्याने त्याचा दात पाडला. मग स्वतःच त्याला स्कूटरवर घालून दंतवैद्याकडे नेलं, वाटभर शिव्या देत.

सासऱ्यांचा आकडा मात्र जवळजवळ शून्य. त्यांचं मूत्रपिंड बदललेलं. ते टिकावं म्हणून चालू असलेल्या गोळ्या अँटीबॉडी तयारच होऊ देईनात. तीन डोस पाण्यात. "ह्यांना लागण झाली तर कठीण आहे," डॉक्टरांनी बजावलं होतं.

दर रविवारी त्यांची दाढी मेहुणाच करायचा. दुसऱ्याने वस्तरा धरला तर त्याची खैर नसे.

त्या रविवारी तो शिंकत आला. माझी बायको बापाच्या बंद दारासमोर उभी राहिली.

"आधी टेस्ट कर."

"अगं ताई, माझा आकडा बघितलास ना? मला परत होतोय होय?"

"आकडा चार महिन्यांपूर्वीचा. शिंक आत्ताची."

त्याने दाराला खांदा दिला. वरची बिजागरी उखडली. बायकोने कुकरचं झाकण हाणलं, त्याची भुवई फुटली. मी सोडवायला गेलो, तर दोघांनी मिळून मलाच बडवलं. अखेर ती त्याच्या छातीवर बसली, नाकात काडी खुपसली आणि पंधरा मिनिटं उठली नाही.

दोन रेघा.

गडी उठला. बाहेर जाऊन त्याने पत्र्याचं पिंप लाथांनी चेपून टाकलं. "मीच मारलं असतं गं म्हाताऱ्याला!"

आता आत कोण जाणार? आम्ही दोघंही त्याच्या शिंकांत न्हालेलो. सासऱ्यांनी स्वतःच वस्तरा उचलला. मेहुणा बंद खिडकीच्या काचेबाहेरून ओरडत होता, "हळू! गाल ताणा, बाबा!" हनुवटी कापली तशी त्याने भिंतीवर मूठ आपटली. दुसऱ्यांदा कापली, तेव्हा मुठीतलं बोट मोडलं.

"अरे, फार रक्त येतंय त्यांना," मी म्हणालो.

"येऊ दे," तो मोडलेलं बोट धरत म्हणाला. "जिवंत माणसालाच येतं."